जेसीबी खळ्यात येण्याआधी: किनारपट्टीवरच्या सरपंचांना खुले पत्र

सन्माननीय सरपंच, उपसरपंच आणि सदस्य,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील किनाऱ्यालगतच्या सर्व ग्रामपंचायती यांस,

सप्रेम नमस्कार.

भातकापणी आटोपून दिवाळी झाली की आपल्याकडे घरे पाडण्याचा हंगाम सुरू होतो. चाकरमानी सुट्टीला आलेले असतात, भावाभावांत एकदाचे जमते, कुणीतरी ठेकेदाराला फोन लावतो आणि एका सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जेसीबी उभा राहतो. दिवस मावळेपर्यंत घर संपलेले असते. चिरे, वासे, कौले, चौकटी, पायरीचे दगड, सगळ्यांचा मिळून एकच ढीग. तो डंपरमध्ये भरून कुणाच्या मळ्यात, वहाळाच्या काठी, नाहीतर रात्रीच्या वेळी खाडीकाठच्या कांदळवनात भरावाला जातो. पुढच्या आठवड्यात त्याच जागी सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, ताज्या चिऱ्यांचे ट्रक येऊन लागतात.

मी या पट्ट्यात घरे बांधतो आणि जुनी दुरुस्त करतो. आपल्याकडे माझी मागणी एवढीच आहे: जुने घर पाडून नवे बांधायला परवानगी देताना ग्रामपंचायतीने आधी त्या घरातल्या पुन्हा वापरण्याजोग्या मालाची यादी मागावी, आणि तो माल हाताने उतरवून रचून झाल्याशिवाय जेसीबीला खळ्यात येऊ देऊ नये.

हे आपल्यालाच का लिहिले, ते पुढे सांगतो. आधी त्या ढिगात काय काय जाते ते बघू.

वजनाने सगळ्यांत जास्त चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. जांभा खाणीत ओला असताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज अमलातल्या डॉक्टरने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या अंगडीपुरम भागातला हा दगड पाहून नेमके हेच लिहून ठेवले: ताजा असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, मोकळ्यावर ठेवला की विटेसारखा होतो. आपल्या गवंड्यांना हे सांगायला बुकॅननची गरज नव्हती. पण त्यातून निघणारी एक गोष्ट आपण हिशेबात धरत नाही. सत्तर-ऐंशी पावसाळे खाल्लेल्या भिंतीत जो चिरा अजून कोपरे धरून उभा आहे, त्याची परीक्षा होऊन गेलेली आहे. जो कच्चा होता, ज्यात मातीच्या पिवळ्या गाठी होत्या, तो केव्हाच झडला. ताज्या ट्रकमधला कुठला चिरा पुढे झडणार हे मात्र आज कुणीच सांगू शकत नाही.

आता तो चिरा भिंतीतून सुटा निघतो का, हा प्रश्न. जुन्या घरांत चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेले असतात. किनाऱ्यावर हा चुना बहुधा खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला. माती आणि चुना दोन्ही दगडापेक्षा नरम. पहारीचे टोक दर्जेत, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात, घालून हलके उचकटले की चिरा अख्खा सुटतो, आणि अंगाला चिकटलेला चुना वाकसाच्या पाठीने झाडला की तो पुन्हा बांधायला तयार. सिमेंटच्या भिंतीत उलटे होते. सिमेंट जांभ्यापेक्षा घट्ट. ओढाताण केली की दर्ज शाबूत राहते आणि चिराच फुटतो. म्हणजे चुन्याची भिंत ही एका अर्थी साठवलेल्या मालाची रास आहे, आणि आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत बांधलेल्या भिंती तशा नाहीत. उतरवून घेण्यासारखी घरे जी आहेत ती आत्ताच आहेत, आणि दर हंगामाला कमी होत आहेत.

लाकडाबद्दल तर मी जरा जास्तच बोलतो, असे माझ्याकडची माणसे म्हणतात. ऐन, किंजळ, नाणा, फणस, कुठे सागवान, हे आपल्या माळ्यांवर आणि छपरांत आहे. एवढ्या जाडीच्या तुळया आज वखारीत मागा. मालक तुमच्याकडे बघत बसेल. वखारीतून येते ते लाकूड पुष्कळदा ओलेच असते, चौकट बसवली की पुढच्या चैत्रात सुकून आखडते, पिळते, दार लागेनासे होते. जुने लाकूड हे सगळे करून मोकळे झालेले असते. भिंतीत गेलेले टोक ओलीमुळे कुजलेले दिसते आणि लोक अख्खी तुळई टाकून देतात. ते हातभर टोक कापा, मग आत पटाशी टोचून बघा. वाळवीची वाट किंवा भुंग्याचा भुसा दिसला नाही, तर उरलेल्या लांबीतून चौकटीच्या उभ्या बाजू, खिडक्या, वासे सगळे निघते. मालवणकडचा एक म्हातारा सुतार जुन्या किंजळीच्या खांबावर थाप मारून मला म्हणाला होता, ‘ह्याका अजून पन्नास वर्सां कायएक जावचा नाय.’ मालकाने तो खांब न्हाणीघराच्या चुलीखाली घालायला बाजूला काढला होता. आता तो त्याच घराच्या नव्या ओटीवर उभा आहे.

कौलांचे प्रकरण निराळे आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत सोपेही. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यामागोमाग तिथल्या आणि मलबारच्या किनाऱ्यावर इतरांचे कारखाने निघाले, आणि पत्तेमारीतून, मचव्यांतून ही कौले आपल्या बंदरांत उतरू लागली. तोवर आपल्याकडे कुंभाराचे नळे किंवा गवत-झावळ्या. या कौलाची खुबी त्याच्या खाचेत आहे: एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, म्हणून ते वाऱ्याने सहसा सरकत नाही. पण त्याचमुळे एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलाशेजारी नीट बसेलच असे नाही. जुन्या छपराची पाच-पन्नास कौले फुटली की नवी आणून बसवता येत नाहीत, फट राहते, पाणी आत येते, आणि शेवटी वैतागून माणूस अख्खे छप्पर काढून पत्रे घालतो. अशा छपराला सुटे भाग मिळण्याची जागा एकच: त्याच छापाचे दुसरे जुने छप्पर. आणि नेमके तेच आपण शेजारच्या वाडीत जेसीबीखाली घालतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. मंडणगड-दापोलीपर्यंत छपरे उडाली, आणि पावसाळा तर दारातच होता. त्या दिवसांत पत्रे आणि कौले मिळवायला लोकांनी काय काय केले ते त्या भागातल्या सरपंचांना मी सांगायला नको. पुढल्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याच्या कडेने गेले, तेव्हा पाळी आमच्या सिंधुदुर्गाची होती. प्रत्येक गावाच्या एका शेडमध्ये छापाप्रमाणे लावलेली दोन-तीन हजार जुनी कौले असती तर? घर पूर्ण कोसळलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता, हे खरे. पण ज्यांची शे-दोनशे कौले गेली, त्यांना ताडपत्रीखाली पावसाळा काढावा लागला नसता. आणि दर वादळात अशीच घरे सगळ्यांत जास्त असतात.

हिशेबासाठी: मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. पंतप्रधान आवास योजनेतले घर किमान २५ चौरस मीटरचे. उतार आणि पावळी धरून छपर ३५ चौरस मीटरच्या आसपास जाते, म्हणजे सव्वापाचशे कौले. या योजनेत सपाट भागासाठी ठरलेले अनुदान १ लाख २० हजार रुपये. एवढ्यात घर पूर्ण होत नाही हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. हप्ते येतात, भिंती होतात, आणि दारे-खिडक्या नसलेले घर दोन वर्षे तसेच उभे राहते. अशा घराला गावातल्याच जुन्या घराची एक दणकट चौकट, चार खिडक्या आणि पाचशे कौले देता आली तर तो माणूस या मिरगाच्या आत राहायला जाईल. शेजारी कुणाचे तरी वडिलोपार्जित घर पाडले जातच आहे. मध्ये एक रचून ठेवण्याची जागा आणि एक वही एवढेच लागते.

सड्याचे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इतर लोक माझ्यापेक्षा चांगले बोलत आहेत. नवा चिरा आभाळातून पडत नाही. तो सडा कापून येतो, आणि कापलेला सडा भरून येत नाही. त्याच सड्यांवर आपली कातळशिल्पे आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली; त्याच सड्यांत मुरलेले पाणी खाली वाडीतल्या झऱ्यांना येते. घर उतरवून मिळालेला प्रत्येक चिरा म्हणजे खाणीत न कापलेला एक चिरा. सिमेंटचेही तेच. चुनखडी भट्टीत भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधनाचा वेगळा. जगातल्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरतात. आपल्या गावच्या चार घरांनी जग वाचणार नाही, पण सडा वाचू शकतो.

आता, आपल्यालाच का.

पाडकामाच्या कचऱ्यावर कायदा नाही असे नाही. केंद्राचे २०१६ चे बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम होते. त्यांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका कामातून ३०० टनांपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याला तो वेगवेगळा करून आधी आराखडा द्यायची अट होती. २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे. त्यांतली मोठी जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. हे मुंबई-पुण्याच्या मापाचे आकडे आहेत. आपल्या गावातले पडवी-ओटी-माजघराचे घर यांच्या जाळ्यातून अलगद निसटते. कांदळवनांत भराव टाकायला मनाई करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे, भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यासकट. पण डंपर तिथे रिकामा झाल्यावर तक्रार करण्यात फार अर्थ नसतो, आणि पंचनामा कुणी करायचा यातच पावसाळा येतो.

ग्रामपंचायतीच्या हातात मात्र एक धागा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधल्या कलम ५२ प्रमाणे आपल्या परवानगीशिवाय इमारत उभारता येत नाही आणि पुन्हाही उभारता येत नाही. जुने पाडून नवे बांधणारा म्हणूनच आपल्या दारात येतो. गावठाणाबाहेर परवानगीचा मार्ग वेगळा आहे. पण घरपट्टीच्या नोंदीसाठी, नमुना ८ च्या उताऱ्यासाठी तोही येतोच. तेव्हा ‘आमच्या हातात काय आहे’ हे उत्तर मी या वेळी मान्य करणार नाही.

आता आक्षेप. ग्रामसभेत जे उठणार आहेत ते मीच आधी मांडतो.

पहिला पैशाचा. हाताने उतरवणे महाग पडते, हे अगदी खरे आहे. जेसीबीला दिवस पुरतो, तेच काम चार-पाच गड्यांना दहा-पंधरा दिवसांचे. पण हा आकडा सांगणारे दुसरी बाजू मांडत नाहीत: तेवढ्याच नव्या चिऱ्यांची किंमत, खाणीपासूनचे भाडे, चौकटींचे लाकूड, आणि ढीग उचलून नेणाऱ्या डंपरच्या खेपा. दोन बाजू शेजारी लिहून बघा. चिऱ्याच्या चुनेदार भिंती आणि जाड लाकूड असेल तर हिशेब बहुतेक वेळा उतरवण्याच्या बाजूने झुकतो. प्रत्येक घरात तसे होईल असे मी म्हणत नाही. मातीच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर असलेले लहान घर असेल तर मजुरी मालापेक्षा जास्त होईल. तिथे यादी दोन ओळींची होईल, आणि मग खुशाल येऊ दे जेसीबी.

यातच एक गोम आहे. ‘पाडकाम फुकट करून देतो, माल माझा’ असे ठेकेदार म्हणतो आणि मालक खूश होतो. ठेकेदार फुकट काम करणाऱ्यांतला नाही. नक्षीची दारे, सागवानी खांब, पितळी कड्या तो आधी काढून घेतो. त्या मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात नाहीतर कुठल्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात जातात. न विकणारा माल तेवढा आपल्या वहाळात पडतो. माल विकू नये असे माझे म्हणणे नाही, मालकाचा माल आहे. पण काय आहे आणि किती आहे हे मालकाला कळल्यावर विकू दे. यादी त्यासाठीही हवी.

दुसरा आक्षेप वास्तुशास्त्राचा. जुन्या वास्तूचे लाकूड नव्या वास्तूत घेऊ नये, असे सांगणारे एक-दोघे प्रत्येक गावात असतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ते ज्या झोपाळ्यावर बसून हे सांगतात त्याची फळी कुणाच्या घरातली, एवढेच विचारतो.

तिसरा आक्षेप मजबुतीचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण सगळेच पुन्हा वापरायचे नसते. स्लॅब तोडून निघालेल्या सळ्या पुन्हा स्लॅबमध्ये घालू नका, विशेषतः आपल्या किनाऱ्यावरच्या. खाऱ्या हवेतले, आणि खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर तिच्यातलेही क्लोराइड काँक्रीटमधून आत शिरते, सळई गंजते, फुगते आणि वरचे काँक्रीट सोलून काढते. अशा स्लॅबचे पोपडे आपण रोज बघतो. त्या सळ्या भंगारात वितळायला जाऊ देत. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे फोडू नका, कापू नका; त्यांची धूळ फुप्फुसात बसते. ते अख्खे उतरवून, ओले करून, वेगळे ठेवा. जुनी वायर, जुने नळ यांचा मोह नको. पायात आणि तुळईखाली जिथे भार एका जागी येतो तिथे जुना चिरा घालायचा तर आधी हातोडीने वाजवून निवडून घ्या. उरलेल्यांना कुंपण, विहिरीचा कठडा, गडगा, पाखाडी अशी पुष्कळ कामे आहेत. कौलावर बोटाने टिचकी मारा: खणखणीत वाजले तर छपरावर, बद्द वाजले तर बाजूला. आणि फुटलेल्या काँक्रीटचेही काही होते. आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ पासून काँक्रीट दळून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम २५ (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि एम १५ पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के वापरायला मुभा दिली आहे. आपल्या जिल्ह्यांत गावोगाव क्रशर लावणे परवडणार नाही. पण निवडून घेतलेला स्वच्छ तुकडा जोत्याच्या भरावाला आणि पायवाटेखाली उत्तम चालतो. माती, प्लास्टिक आणि काचा मिसळलेला ढीग मात्र कशालाच चालत नाही, म्हणून वेगळे करणे पाडण्याआधी हवे.

आता थोडे आपल्याच इमारतींबद्दल. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळा, चिऱ्याच्या आणि कौलारू, एकामागून एक निर्लेखनाच्या, म्हणजे वापरातून कायमच्या काढून टाकण्याच्या, प्रस्तावात जात आहेत. काही खरोखरच धोकादायक आहेत. मुलांच्या डोक्यावर त्या ठेवा असे कोणीही म्हणणार नाही. पण निर्लेखन मंजूर झाल्यावर एकगठ्ठा बोली लागते आणि पुढे तेच: जेसीबी, ढीग, डंपर. शासनाच्या दरसूचीत बांधकाम उतरवून उपयोगी माल रचून ठेवण्याची कामे दरासकट दिलेली आहेत. अंदाजपत्रकात ती बाब धरली जाते, पण माल रचून ठेवला का, हे जाऊन पाहणारे कोणी नसते. सरपंचांनी त्या दिवशी शाळेच्या आवारात एक खुर्ची टाकून बसावे, असे मी अगदी गंभीरपणे सुचवतो. त्या एका शाळेच्या मालात अंगणवाडीचा व्हरांडा, स्मशानशेड आणि एसटीचा थांबा तिन्ही होतात.

देवळांबद्दल लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला, कारण आपल्यापैकी अनेक जण देवस्थान समितीतही आहात. पण लिहितो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव लाकडी सभामंडप काढून स्लॅब आणि चकचकीत फरशी घालण्याची लाट अजून ओसरलेली नाही. ते कोरीव खांब, तुळया, छताच्या फळ्या यांना पुन्हा वापरण्याचा माल म्हणणेही मला जड जाते. त्या जागच्या जागी दुरुस्त व्हायला हव्यात. तरीही समितीने काढायचेच ठरवले, तर निदान प्रत्येक खांबाला आणि तुळईला नंबर घालून, फोटो काढून, कुठला भाग कुठे होता याचा नकाशा करून उतरवा. असे उतरवलेले लाकूड पुन्हा उभे राहते. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र संग्रहालयात दक्षिणेतली जुनी घरे अशीच सुटी करून नेऊन परत जोडली आहेत, १९९६ पासून लोक ती बघायला जातात. मणिपालच्या हस्तशिल्प वारसा-ग्रामातही तेच केले आहे, आणि तिथला प्रदेश आपलाच: तोच जांभा, तीच कौले, तोच पाऊस. तमिळनाडूत कारैकुडीला तर चेट्टियारांच्या वाड्यांतून निघालेल्या खांब-दारांचा अख्खा बाजार भरतो. त्याचे मला निम्मेच कौतुक आहे. माल वाचला, पण ज्या गावचा होता तिथे राहिला नाही. म्हणूनच पहिला हक्क गावाचा, हे ठरावात लिहून ठेवायला हवे.

आणि एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर या पत्राचा भलताच उपयोग होईल. किल्ल्यांचे, तटांचे, जुन्या बारव-समाध्यांचे पडलेले दगड हा गावाचा माल नव्हे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. त्यांच्या घेऱ्यातला एक दगडसुद्धा कुणाच्या जोत्यात जाता कामा नये, मग तो कितीही वर्षे नुसता पडून असो.

जागेची अडचण मोठी नाही. मालाला बंगला लागत नाही. चिरे उघड्यावर चालतात, फक्त पाणी साचत नाही अशा उंचवट्यावर. कौले आडवी थरावर थर न घालता काठावर उभी, रांगेत, छापाप्रमाणे वेगळी. लाकडाला मात्र छप्पर हवे, जमिनीपासून वर चिऱ्यांवर, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून म्हणजे वारा खेळतो, आणि सगळे खिळे आधी काढलेले. बंद पडलेली शाळाखोली, जुने रेशन दुकान, कुणाचा रिकामा गोठा, यांतले काहीतरी प्रत्येक गावात आहे. वहीत चार रकाने: माल काय, किती, कुठल्या घरातला, कुणाला दिला. गाडीतून माल हलवताना रस्त्यात कुणी अडवले तर त्याच वहीवरून ग्रामपंचायतीचा दाखला देता येतो.

नवे बांधणाऱ्यांनाही एक विनंती ठरावाबरोबर कळवता आली तर बरे: एक मजली चिऱ्याच्या भिंतीला भरमसाट सिमेंटची गरज नसते, चुना किंवा हलका मसाला पुरतो, आणि छपराचे लाकूड भिंतीत चिणण्याऐवजी बोल्टने जोडले तर पुढच्या पिढीला ते पहारीशिवाय सोडवता येईल.

ठरावाचा मसुदा मी लिहून देतो, आपल्या सोयीने बदलावा:

‘गावाच्या हद्दीतील कोणतीही जुनी इमारत पाडून त्या जागी बांधकाम करण्यासाठी परवानगी मागणाऱ्या अर्जासोबत इमारतीतील पुनर्वापरायोग्य चिरे, घडीव दगड, लाकूड, कौले, दारे-खिडक्या व लोखंडी सामान यांची यादी व फोटो जोडणे आवश्यक राहील. असा माल यंत्राविना उतरवून रचल्याची पाहणी ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीने केल्यानंतरच यंत्राने पाडकाम करता येईल. मालकाला नको असलेला माल ग्रामपंचायतीच्या मालसाठ्यात जमा करून घेण्यात येईल व तो प्रथम गावातील घरकुल लाभार्थी, आपद्ग्रस्त कुटुंबे आणि सार्वजनिक कामे यांना देण्यात येईल. मालक माल विकू इच्छित असल्यास पंधरा दिवस गावातील गरजूंना प्राधान्य राहील. पाडकामाचा उरलेला कचरा कोठे टाकणार हे अर्जात नमूद करावे लागेल. नदी, वहाळ, खाडी व कांदळवनात टाकता येणार नाही.’

२६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, म्हणजे मे महिन्यातल्या पाडकामांना तो लागू होईल. यंदा ज्यांचे अर्ज आलेलेच आहेत त्यांना सक्ती करता येणार नाही, पण विचारून तर बघा. बरेच जण केवळ कुणी विचारले नाही म्हणून जेसीबी लावतात. ज्या ग्रामपंचायतीला यादीचा छापील नमुना हवा असेल किंवा पहिल्या एक-दोन घरांच्या वेळी माल निवडून दाखवायला माणूस हवा असेल, तिथे मी आणि माझ्याबरोबरचे सुतार-गवंडी येऊ. जाण्या-येण्याचे तेवढे बघा. गवंड्यांना दुपारी माशांचे जेवण मिळाले तर ते जास्त बारकाईने निवडतात, हा अनुभव आहे.

आपला,
देवगड तालुक्यातला एक घरे बांधणारा